पोचितेलच्या पायऱ्यांवर वाजलेल्या चाव्या

एका मंगळवारी सकाळी नॉटिंगहॅममध्ये, ट्रामच्या स्टॉपपासून लायब्ररीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी बायको सुमेधा वारली. मी तिच्या पुढे चालत होतो.

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं चहाबरोबर वाचत आलो, आणि खरं सांगायचं तर थोडं हसतही आलो. आम्ही बौद्ध. पितर, पिंड, कावळा यांना आमच्या घरात जागा नाही. सुमेधा गेली तेव्हा भंतेजी आले, वंदना झाली, आलेल्यांना जेवण दिलं. मी निवृत्त होईपर्यंत युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करत होतो. प्रत्येक गोष्टीची शेल्फवर कुठेतरी जागा असते, अशी माझी समजूत. या गोष्टीची जागा मला सापडलेली नाही, म्हणून लिहितोय.

मी भराभर चालतो. माझे वडील आईच्या दहा पावलं पुढे चालायचे, मीही तसाच. सुमेधाचा डावा गुडघा दुखायला लागल्यावर हे अंतर वाढलं. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी कधी आलं नाही. एवढी शिकलेली, स्वतःच या रिवाजाला हसायची, पण जीभ वळायची नाही म्हणायची. आणि भर रस्त्यात "अहो" म्हणून ओरडायला तिला संकोच वाटे. म्हणून ती चाव्या वाजवायची. नागपूरहून आणलेलं पितळी पिंपळपान अडकवलेला घराचा जुडगा – दोनदा खळखळ, जरा थांबून एकदा. मग मी थांबायचो. "बससुद्धा न सांगता स्टॉपवर थांबते," ती मला गाठल्यावर म्हणायची. एकदा म्हणाली, "मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ जास्त ओळखीची आहे." आम्ही दोघं हसलो होतो.

त्या मंगळवारी मी लायब्ररीच्या दारापर्यंत पोहोचलो. तिच्यासाठी दार धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मग मागे गेलो, तेव्हा ती फुटपाथवर होती आणि दोन अनोळखी माणसं तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली होती. हृदय बंद पडलं होतं. चाव्या तिच्या मुठीत होत्या.

तिने त्या वाजवल्या होत्या का, हे मला माहीत नाही. रस्त्यावर ट्राम होती, गाड्या होत्या. वर्षभर मी एका जागी धड बसू शकलो नाही. पुस्तक उघडायचो, दोन पानांनंतर उठून जिन्यापर्यंत जाऊन यायचो. आमची मुलगी मैत्री लंडनजवळच्या पिनरहून दर रविवारी फोन करायची आणि तब्येतीचं विचारायची. त्या दिवसाबद्दल तिने कधी विचारलं नाही. तिच्या न विचारण्यातला राग मला फोनवरही कळायचा.

त्या दिवशी सुमेधाच्या पिशवीत परत करायचं एक पुस्तक होतं. त्यात पोचितेलच्या फोटोवर तिने ट्रामचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं. बोस्नियात, मोस्तारच्या दक्षिणेला, नदीकाठच्या डोंगर-उतारावर हे ऑटोमन काळातलं तटबंदीचं गाव आहे. दगडी घरं, दगडाच्याच फरशांची छपरं, एक मशीद, एक घड्याळाचा मनोरा आणि सगळ्यात वर किल्ल्याचा बुरूज. तिला तिथे जायचं होतं. पायऱ्या फार आहेत, तुझ्या गुडघ्याला झेपणार नाहीत, असं मी म्हणालो होतो. "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून," हे तिचं उत्तर. वर्ष झाल्यावर मैत्रीने आम्हा दोघांची तिथली तिकिटं काढली.

आम्ही मोस्तारहून बसने सकाळी दहाच्या सुमारास पोहोचलो. खाली वेशीजवळ बायका कागदी पुड्यांत सुके अंजीर विकत होत्या. मैत्री म्हणाली, मी मशिदीपाशी फोटो काढते, तुम्ही व्हा वर. मी निघालो... नेहमीसारखाच, भराभर. डावीकडे डाळिंबाची झाडं होती, उजवीकडे भिंत. वाटेवर दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या वळणानंतर मागे चाव्या वाजल्या. दोनदा, जरा थांबून एकदा.

मी थांबलो. विचार करून नाही – पाय थांबले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर काय दिसेल, यापेक्षा काहीच दिसणार नाही याची भीती जास्त होती. थोडा वेळ उभा राहून पुढे निघालो. दहा-बारा पायऱ्यांनी पुन्हा तेच. पुन्हा थांबलो. असं बुरुजापर्यंत पाच वेळा झालं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला जिथे दम घ्यावासा वाटेल, नेमकं तिथेच. पाचव्या वेळी मी वळलो. खाली रिकाम्या पायऱ्या होत्या, उन्हात एक मांजर होतं आणि खूप खाली हिरवी नदी.

मैत्री जवळजवळ धावतच वर आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, तुम्ही आईचा कीज इथे आणला?"

मी नाही म्हणालो.

"मी ऐकला ना! मशिदीपासून. तुम्ही वाजवत होता, आणि थांबत होता. व्हाय वुड यू डू दॅट?"

मी खिसे बाहेर काढून दाखवले. एकात रुमाल, दुसऱ्यात हॉटेलच्या खोलीचं प्लास्टिकचं कार्ड. आमच्या दोघांच्या घराच्या चाव्या मोस्तारला सूटकेसमध्ये होत्या. सुमेधाचा जुडगा नॉटिंगहॅमला, दाराशेजारच्या हुकवर. मैत्रीने माझे खिसे पुन्हा चाचपले, लहान मुलाचे चाचपावेत तसे. मग ती पायरीवर बसली. मीही बसलो.

खाली नदीकडे पाहत ती म्हणाली, "त्या दिवशी आईनी वाजवला होता का?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तरंही तयार होती – ट्रामचा आवाज, डॉक्टर काय म्हणाले, काही मिनिटांतच सगळं कसं झालं. त्यातलं एकही सांगितलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही. आणि मी मागेही पाहिलं नाही."

तिने मान हलवली. रडली नाही, माझा हातही धरला नाही. उतरताना मात्र ती माझ्या शेजारून चालली, आणि मी तिच्या पावलाने उतरलो.

नंतर मी जमतील तेवढी कारणं शोधून पाहिली. खांबावर आपटणारी झेंड्याची दोरी, एखाद्या शेळीच्या गळ्यातली घंटा, कुणा पर्यटकाचा जुडगा. मोस्तारच्या हॉटेलवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, त्या वाटेवर आता शेळ्या येत नाहीत. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर मैत्रीने खालून काय ऐकलं? ती म्हणते, तोच ताल होता. लहानपणी शाळेच्या फाटकावर तिने तो हजारदा ऐकलाय. घरी आल्यावर कोटही न काढता मी हुक पाहिला. जुडगा जागेवर होता. पिंपळपानावर वर्षभराची धूळ होती, आणि तिच्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता.

मी आजही पुनर्जन्म मानत नाही, आत्मा मानत नाही. घडलं ते घडलं, आणि का घडलं ते मला सांगता येत नाही.

मैत्री आता रविवारी फोनवर आईबद्दल बोलते. चाव्या हुकवर आहेत. लायब्ररीत मी अजून त्याच रस्त्याने जातो, दर दहा-बारा पावलांनी थांबतो आणि मागे पाहतो. मागून काही ऐकू येत नाही.