गाडीच्या टपावर सोलर, फटीत मूठभर कापूस

बायकोनं, सुनंदानं, अटच घातली होती. गाडीत रात्रभर पंखा चालला तर पुढच्या ट्रिपला येईन, नाहीतर तुम्ही जाणे आणि तुमची गाडी जाणे. अट रास्त होती. आमच्या कॅम्परव्हॅनचा टप वर उचलता येतो. उचलला की आत ताठ उभं राहता येतं, वर दोघांपुरती झोपायची फळी निघते, पण बॅटरी पहाटेच्या आत मान टाकते. म्हणून टपावर सोलर बसवायचं ठरलं. अमरावतीतले फिटर घरावरचे काचेचे पॅनल दाखवायचे. एवढं वजन ठेवल्यावर टप कोण उचलणार, माझा आजा? शेवटी पातळ, वाकणारे पॅनल मागवले. ते चिकटवणारा माणूस सुनंदानंच शोधला. ती घाटंजीला शिक्षिका होती तेव्हाचा तिचा विद्यार्थी, मिलिंद. जनावरं आत येऊ नयेत म्हणून शेताच्या कुंपणाला सोलरवरची झटका मशीन बसवायचं काम तो करतो.

सकाळी सातला अमरावती सोडली. नेरच्या स्टँडसमोर आलुबोंडा आणि वरून रस्सा खाल्ला, दोघांचं पन्नास रुपयांत भागलं. रस्सा जहाल आहे, पाणी जवळ ठेवा. यवतमाळ ओलांडून घाटंजीकडे वळलो आणि गाडीतली भांडी बोलायला लागली. कपबशा टॉवेलात गुंडाळून ठेवाव्यात, आमच्या दोन गेल्या. जिनिंगच्या फाटकासमोर एरवी कापसाच्या गाड्यांची रांग असते, यंदा चिटपाखरू नव्हतं. भाव पडला होता आणि सगळ्यांनी कापूस घरातच दाबून ठेवला होता.

मिलिंदच्या घरीही तेच. तीनपैकी दोन खोल्या आढ्यापर्यंत कापसानं भरलेल्या, उरलेला पडवीत. माणसं अंगणात. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटते, त्याच्या आईचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी दोन्ही हात जोडून जय भीम केला आणि लगेच सुनंदाला जवळ बसवलं. धाकट्या लेकीचं नर्सिंगचं वर्ष याच कापसावर आहे, जरा भाव आला की काढू, असं त्या सांगत होत्या. या घरानं चूलसुद्धा उचलून मागच्या लिंबाखाली नेली होती. अंगणात विडी नाही, काडी नाही. मिलिंदनं वायरींना डाग द्यायची तापती इस्त्री पेटीतून काढलीच नाही, सगळे जोड पकडीनं दाबून केले.

आता कामाचं सांगतो. टप आधी साबणानं, मग थिनरनं पुसायचा. सीलंटच्या रेघा ओढायच्या, पॅनल मधून कडांकडे दाबत न्यायचा, वर वाळूच्या पिशव्या ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मी तीनदा पिशवी उचलून पाहिली आणि तीनदा सुनंदाची बोलणी खाल्ली. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. एवढं पोटभर मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वायर जोडायची पाळी आली. टप वरखाली होतो, म्हणून मिलिंदनं वायरचा एक सैल वेढा ठेवला होता.

"काका, टप खाली आला का हा वेढा आपोआप खोबणीत बसते. तिथं हात नोका लावू," तो म्हणाला.

मी मान हलवली. मग गावाबाहेर चक्कर मारली तर तो वेढा खडखड, खडखड. माझं डोकं फिरलं. आता आम्ही वऱ्हाडी माणसं. खाट करकरली, खिडकी वाजली, की फटीत कापूस कोंबायचा, हे लहानपणापासून हाताला लागलेलं. परत आलो तर मिलिंद हात धुवायला गेलेला. मी टप वर केला, पडवीतून मूठभर कापूस घेतला आणि वेढ्याभोवती घट्ट ठासला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे असं वाटलं.

भर दुपारी, अंगणातच, मी टप खाली ओढला. तो शेवटच्या दोन बोटांवर अडला. मी लटकून जोर दिला. आत चर्र झालं आणि फटीतून धूर निघाला. पडवी दहा पावलांवर. मी धावत जाऊन मेन बटन बंद केलं. चर्र चालूच. पुन्हा चालूबंद केलं. धूर वाढला.

मिलिंद ओल्या हातानं पळत आला.

"बटन काय बंद करता, ऊन बंद करा. पॅनल झाका!"

सुनंदानं फळीवरची सोलापुरी चादर ओढली, त्यानं टपावर चढून ती पॅनलवर पसरली. चर्र थांबलं. धूर मात्र थांबला नाही. गाडी बाहेर काढा, तो खाली उडी मारत ओरडला. मी गाडी रिव्हर्स घेत फाटकातून रस्त्यावर नेली. त्याची आई पडवीच्या तोंडाशी बादली घेऊन उभी होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, नजर नुसती हवेत, एखादी ठिणगी उडतेय का म्हणून.

रस्त्यावर उतरलो आणि मी मिलिंदवर तुटून पडलो. कुंपणाची कामं करणाऱ्याला गाडी दिली हीच माझी चूक, असंही म्हणालो. शेजारीपाजारी ऐकत होते. त्यानं पकडीनं फटीतून काळा बोळा काढला, पाण्यात बुडवला, मग तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला. त्यात अर्धवट जळलेल्या सरक्या होत्या. त्या बोळ्यानं वेढा अडवला होता, वायर पत्र्याच्या कडेत चेंगरली होती.

"हा मी ठेवला," मी म्हणालो. तेवढंच निघालं तोंडातून. मग त्याच शेजाऱ्यांसमोर, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हणालो, कारण शिव्याही मोठ्यानंच दिल्या होत्या. सुनंदा माझ्याकडे पाहत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिलिंदनं वायर बदलली, पण आता गाडी रस्त्यावरच ठेवून. त्यानं दहा वेळा टप वरखाली करून दाखवला, मग अकराव्यांदा मला करायला लावला. तुम्ही बसवाल तर हे करा, आणि जोड लावण्याआधी पॅनल चादरीनं झाका. उन्हाला बटन नसतं, हे मला साठीला आल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी निघताना त्याच्या आईनं माझ्या हातात एक पिशवी दिली. आत कापूस.

"उशी करा साहेब. फटीत नोका भरू."

त्या हसल्या नाहीत. मला हसूही आलं नाही आणि रडूही.

घरी येऊन महिना झाला. पंखा रात्रभर चालतो, सुनंदानं पुढची ट्रिप स्वतःच ठरवलीये. मिलिंदचा फोन आला होता, कापूस गेला म्हणाला, बरा भाव मिळाला. उशी सुनंदानं शिवली. सरक्या काढताना एक राहून गेलीये, ती डाव्या कानाखाली टोचते. सुनंदा म्हणते, उसवून काढून देते. मी म्हटलं, राहू दे.