पिवळ्या ठिपक्याची खुर्ची

रंगरावांना घाणीची किळस कधी वाटली नाही. एकतीस वर्षं प्रेसशॉपमध्ये ऑइलने बरबटलेले पत्रे हाताळले, सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं तेव्हा झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला, गेले चौदा महिने बायकोचं सगळं केलं. कधी नाकाला रुमाल लावला नाही. त्यांना शिसारी यायची ती एकाच गोष्टीची, चांगली वस्तू वाया घालवणाऱ्या माणसाची. आणि पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत असली माणसं मजल्यागणिक भरलेली होती.

मूळचे ते उमरग्याकडचे. तेविसाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन भोसरीला आले, कंपनी पुढे चाकणला गेली तसे तेही कंपनीच्या बसने चाकणला जाऊ लागले. काम एकच, रिवर्कचं टेबल. मशीनवरून जो पार्ट वाकडा, फाटका, मापाबाहेरचा येईल तो रंगरावांपुढे यायचा. लाल ठिपका लावला की पार्ट भंगारात. पिवळा ठिपका लावला की त्याच्यावर काम चालू आहे, कुणी हात लावायचा नाही. मॅनेजर असो की मालक, पिवळ्या ठिपक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. लाल रंगाची डबी मात्र रंगरावांच्या टेबलावर वाळून जायची. सहज लाल ठिपका देईल तर तो रंगराव कसला!

रिटायर झाल्यावर ही खोड घरी आली. पार्किंगमागच्या भंगाराच्या खोलीत लोक काय टाकत नव्हते! एक बटण गेलेला मिक्सर, नुसती वायर तुटलेली इस्त्री, रंग आवडेनासा झाला म्हणून टाकलेला टेबलफॅन. रंगराव तिथे उभे राहून टाकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि वस्तू उचलून घरी आणायचे. वॉशिंग मशीनच्या ड्रमचं माळ्यापर्यंत हात पोचवायचं स्टूल झालं, कूलरच्या मोटरवर सुऱ्यांना धार लावायचं चाक बसलं. बाल्कनीत रांगेने पिवळे ठिपके दिसायचे. सोसायटीतले लोक पाठीमागे त्यांना भंगारवाले काका म्हणत, आणि घरातला नळ गळायला लागला की इंजिनिअर काका.

मग बायकोला, इंदुताईंना, झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं आठवड्याभरात परत आलं, हातपाय आले नाहीत. मुलगा बंगळूरला. त्याने तिकडूनच संडासची चाकाची खुर्ची मागवून दिली, चकचकीत, स्टीलची. ती पंचवीस इंच रुंद, आणि बिल्डरने बाथरूमचा दरवाजा ठेवलेला साडेबावीस इंच. खुर्ची दाराशी अडली ती अडलीच. तीन महिने डायपर आणि बाई. इंदुताईंनी काय करावं? पाणीच सोडलं. चहाचा कप तोंडाला लावून परत ठेवायच्या. प्यायलं तर जावं लागेल, आणि जायचं म्हणजे परक्या बाईने उघडं करायचं. ओठ सुकून फाटले, डॉक्टर ओरडले, तरी त्या ऐकेनात.

रंगरावांनी मग टेप घेतला आणि बायकोच्या मापाची खुर्ची करायला घेतली. वॉचमनच्या केबिनमधली पाठ चिरलेली प्लास्टिकची खुर्ची. आयटीतल्या कुणीतरी टाकलेल्या ऑफिसच्या खुर्चीची चार चाकं. मध्ये गोल भोक पाडून त्याच्या कडेला, मांडीला रुतू नये म्हणून, कुकरची सैल झालेली रबरी रिंग चिरून बसवली. उजवा हात चालतो म्हणून उजव्या दांडीवर सायकलचा ब्रेक. रुंदी बरोबर बावीस इंच. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची आत ढकलली, ती कमोडवर बरोबर बसली, इंदुताईंनी करकचून ब्रेक दाबला आणि म्हणाल्या, आता तुम्ही बाहेर व्हा. त्यांनी दार ओढून घेतलं. त्या दिवशी इंदुताई दोन पेले पाणी प्यायल्या.

एकच अट इंदुताईंनी घातली होती. खुर्ची कशाची आहे ते सोसायटीत कुणाला कळता कामा नये. रंगराव रोज सकाळी ती फिनेलने घासायचे, आणि पंपाच्या खोलीमागे ऊन येतं तिथे वाळत ठेवायचे. साडेदहाला परत वर. अकराच्या सुमाराला इंदुताईंना लागायचीच, गोळीच तशी होती.

त्या रविवारी सोसायटीने टाकाऊतून टिकाऊची स्पर्धा ठेवली होती. सांस्कृतिक समितीच्या मोनिका मॅडमनी रंगरावांना परीक्षक केलं. ते नको म्हणत होते, इंदुताईंनीच ढकललं. कधीतरी चार माणसांत बसा म्हणाल्या. नियम असा की आठला सुरुवात, आवारात मिळेल ते टाकाऊ सामान गोळा करायचं, साडेदहापर्यंत वस्तू तयार. सकाळी खुर्चीची एक दांडी ढिली लागली म्हणून रंगरावांनी तिला पिवळा ठिपका लावला, उन्हात ठेवली आणि क्लबहाऊसकडे गेले. ठिपका आहे म्हणजे कुणी हात लावणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. एकतीस वर्षांत कुणी लावला नव्हता.

क्लबहाऊसमध्ये पाऊल टाकताच वासांनी नाक भरलं. गोंदाचा वास, स्प्रेचा वास, त्यात तळलेल्या समोशांचा. पहिल्या टेबलावर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा मनोरा. बाटल्या कुठून आल्या विचारलं तर बाई हसत म्हणाल्या की क्रेट आणला होता, सगळं बेसिनमध्ये ओतलं. दुसऱ्या टेबलावर चालता पंखा फोडून त्याच्या जाळीत आरसा बसवलेला. तिसऱ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, काड्यांची नवीकोरी पाकिटं खाली पडलेली. एकाने जीन्सची पिशवी केली होती, जीन्सचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. रंगराव प्रत्येकाला एकच विचारत, ह्याचा उपयोग काय? प्रत्येकजण सांगे, दिसायला छान दिसतं. डोंबलाचं छान! धडधाकट वस्तूंचा मुडदा पाडायचा, वर त्याला चमकी लावायची आणि आपण पृथ्वी वाचवली म्हणून टाळ्या पिटायच्या. रंगरावांनी कागदावर शून्य, शून्य, शून्य असे मार्क दिले. थुंकायला बाहेर जावं असं त्यांना वाटत होतं.

सातव्या टेबलाशी गर्दी होती. विजयश्रीचं टेबल. इथल्या मूळ गावातल्या जुन्या घराण्याची सून, सोसायटीत तिच्या घरच्यांचे पाच फ्लॅट. तिने एक सोनेरी सिंहासन केलं होतं. मधल्या भोकात मनीप्लँटची कुंडी, भोवती जरबेराची फुलं, दांड्यांना लाइटची माळ. लोक पाळीपाळीने फोटो काढत होते. मोनिका मॅडम फुलांना नाक लावून वास घेत होत्या, त्यांची समोशाची प्लेट सिंहासनाच्या दांडीवर ठेवलेली.

उजव्या दांडीवर सायकलचा ब्रेक होता.

रंगरावांनी वाकून बघितलं. भोकाच्या कडेला कुकरची रिंग, तीही सोनेरी. खाली चाकं नव्हती. ठिपका कुठे गेला असं त्यांनी विचारलं तेव्हा विजयश्री म्हणाली, हो काका, तिथला रंग उडालेला वाटत होता, म्हणून तर दोन हात जास्त मारले. आणि चाकं? ती सारखी पळत होती, म्हणून काढून शेजारच्या टेबलाला दिली, त्यांनी फळांच्या खोक्याची गाडी केलीय. सापडली कुठे, तर पंपामागे कुणीतरी टाकली होती.

भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं, मार्कांच्या नादात साडेदहा केव्हाच टळून गेले होते.

काय बोलणार? बोलावं तर बायकोची अट मोडते, अख्ख्या सोसायटीपुढे तिची अब्रू जाते. न बोलावं तर ती वर वाट बघतेय. त्यांनी कुंडी उचलून खाली ठेवली, लाइटची माळ ओरबाडली आणि खुर्ची काखेत मारली. मोनिका मॅडम हसत मागे आल्या, काका, पहिला नंबर तिचाच, सगळ्यांचं ठरलंय, लॉबीत ठेवायचीय. घरी माप घेऊन आणतो, असं काहीतरी पुटपुटत ते लिफ्टमध्ये शिरले.

उशीर झाला होता. इंदुताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चादर, गादी, गाऊन, सगळं. रंगरावांनी गरम पाणी आणलं, त्यांना पुसलं, कूस बदलली, चादर काढली. इंदुताई डोळे मिटून होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि दारातली सोनेरी खुर्ची बघितली.

रंगरावांनी खालचं सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फाटत होता, कोल्ड्रिंकवर, काड्यांवर, जीन्सवर, सगळ्यांवर ते एकदमच भडकले. इंदुताईंनी ऐकून घेतलं.

"कशाची खुर्ची ते सांगितलं का त्यांना?"

"नाही. तूच नको म्हणाली होतीस."

इंदुताई म्हणाल्या, "घाणीत पडून होते मी. जेवढी लाज वाटायची तेवढी वाटून झाली. आता जा, कशाची आहे ते सांगा, आणि माझी चाकं घेऊन या."

रंगराव खाली आले तेव्हा बक्षीस समारंभ सुरू झाला होता. पहिल्या नंबरासाठी विजयश्रीचं नाव पुकारलेलं, खुर्ची मात्र जागेवर नव्हती म्हणून कुजबुज चाललेली. बक्षीस द्यायला विजयश्रीच्याच सासूबाईंना, गोजाबाईंना, पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. ऐंशीच्या पुढच्या बाई. सोसायटी उभी आहे त्या जमिनीत त्यांनी वांगी लावलेली. रंगरावांनी मोनिका मॅडमच्या हातातून माइक घेतला.

"ती खुर्ची माझ्या बायकोची आहे," ते म्हणाले. "तिची डावी बाजू गेलीय. त्या खुर्चीवर बसून ती संडासला जाते. कुणी टाकलेली नव्हती, धुऊन वाळत ठेवली होती. चार चाकं पाहिजेत मला."

मोनिका मॅडमनी हात ओढणीला पुसले. पुसले आणि पुसतच राहिल्या. कुणीतरी तोंडातला समोसा कागदात काढला. सॅनिटायझरची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात फिरायला लागली, आणि एक गृहस्थ ईऽ करून मुलांना टेबलावर उरलेल्या फुलांपासून लांब ओढायला लागले. रंगराव ते बघत उभे राहिले आणि त्यांना जी शिसारी आली तशी आयुष्यात आली नव्हती. अरे, रोज फिनेलने घासतो मी ती! तुमच्या समोशाच्या ताटल्यांपेक्षा स्वच्छ आहे. सकाळी बेसिनमध्ये क्रेट ओतताना नाही वाटली किळस, चालता पंखा फोडताना नाही वाटली, आणि एका आजारी बाईच्या बसण्याची वाटते? हे सगळं त्यांना माइकवर बोलायचं होतं. पण त्यांनी माइक पुढच्या सोफ्यावर ठेवून दिला.

तेवढ्यात गोजाबाई बोलल्या. माइक त्यांच्याजवळच होता, आवाज सगळीकडे गेला.

"आवं बाबा, मला बी आसली एक करून द्या की. मला जायाचं आसलं की दोगं धरत्यात. म्हून मी पानीच पीत न्हाई."

विजयश्री तिथेच उभी होती, बोटं सोनेरी झालेली. तिने सासूकडे बघितलं. मग सॅनिटायझरची बाटली तिच्याकडे आली ती तिने न घेताच पुढे दिली, शेजारच्या टेबलाशी गेली, फरशीवर बसली आणि फळांच्या खोक्याची चाकं ओढून काढायला लागली. चारही चाकं तिने आणून रंगरावांच्या हातात दिली. काही बोलायला तोंड उघडलं, पण रंगरावांना तिचं काही ऐकायचं नव्हतं.

"बाथरूमचा दरवाजा किती इंच आहे तुमचा?" त्यांनी विचारलं.

विजयश्रीला माहीत नव्हतं. पाच फ्लॅटची मालकीण, पण एकाही दरवाजाचं माप सांगता येईना.

"मोजून आणा," रंगराव म्हणाले, आणि चाकं खिशात घालून वर गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला विजयश्री आली. हातात कागद, त्यावर पेनाने लिहिलेलं, सव्वातेवीस. शिवाय घरातली एक जुनी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली होती, पाय चांगले भक्कम होते. रंगरावांनी खुर्ची उलटी करून बघितली, खिशातून डबी काढली आणि पाठीवर पिवळा ठिपका लावला. तिने हळूच विचारलं, आधीची एकदा नीट बघता येईल का, कशी केलीय ते.

रंगरावांनी बाथरूमच्या बंद दाराकडे बघितलं.

"बसा जरा," ते म्हणाले. "ती वापरात आहे."