गुरुजींची वाया गेलेली थंडी

गुरुजींचा डोळा ऑपरेशनमुळे गेला, असं त्यांची मुलगी इतकी वर्षं सांगत आली. ते खरं नव्हतं. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी समोर बसून मान हलवत होतो.

१९७०च्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका कचेरीत कारकून होतो. शाळेत मला मराठी शिकवणारे गुरुजी आमच्याच गल्लीत एकटे राहत. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी पारशिवनीला दिलेली. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पुस्तक नाकाला लावून अक्षरं शोधणारे गुरुजी मला पाहवेनात, म्हणून मी म्हणालो, "द्या, मी वाचतो." माझ्या मनात ते त्या संध्याकाळपुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परतलो तर दारात दोन खुर्च्या मांडलेल्या. एक माझी. त्यानंतर ती खुर्ची रोज मांडलेली असे. कधी जीव अगदी कंटाळला, की सायकलची घंटा न वाजवता त्यांच्या दारावरून निघून जायला बघायचो. आतून आवाज यायचा, "चेन करकरून राहिली गा तुझी. तेल दे तिले." मग उतरावंच लागे.

बायको म्हणायची, "त्यांचे डोळे झालात, चांगलं झालं. आम्हाला कधी दिसाल तेवढं सांगा."

तेव्हा आम्ही एक जुनी, भाषांतरित परदेशी कादंबरी वाचत होतो. तिच्यातला तरुण कणव येऊन एका दुःखी घरात जाऊ लागतो, धीर देण्यासाठी खोटी आशा लावतो, आणि मग त्याचा पाय तिथून निघत नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत. मी वाचताना घामाघूम होत असे.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकला, याच थंडीत काढून टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात जखम चिघळते अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे डोळ्याची ऑपरेशनं थंडीतच व्हायची. थंडी चुकली की वर्ष गेलं. मुलगी अंथरुणाची वळकटी घेऊनच पारशिवनीहून आली.

"बाबा, दवाखान्यात मी राहीन तुमच्यापाशी. अन् मग सरळ आमच्या घरी."

"पोरीच्या घरचं पाणी पेत नसतेत वं."

"पानी नका पेऊ. दूध प्या. दोन म्हशी आहेत."

गुरुजी हसले, पण बाजेची कड त्यांनी हाताने घट्ट धरली होती. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, डोळे बांधून, कितीतरी दिवस न हलता पडून राहावं लागतं, हे त्यांनी ऐकलं होतं. आणि हा डोळा गेला तर दुसरा नव्हता.

मुलगी माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा. ते तुमचंच ऐकतात."

मला तो हात बघवेना. मी म्हणालो, "एवढी घाई कशाला? पुढच्या थंडीत करू. तोवर वाचायला मी आहेच."

गुरुजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला फार बरं वाटलं. मुलीने वळकटी पुन्हा बांधली आणि दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

त्याच आठवड्यात कादंबरीतलं ते पान आलं. तिथे एक माणूस त्या तरुणाला तोंडावर सुनावतो, की तुझी दया त्या घरासाठी नाहीच; समोरचं रडणं तुला सोसवत नाही, एवढंच. मी दोन ओळी वाचल्या आणि पान उलटून पुढचं वाचू लागलो.

"पान चिकटलं होतं का गा?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"असू दे. जुनं पुस्तक आहे."

वैशाखात डोळा लाल झाला. कपाळ फुटेल असं दुखू लागलं, उलट्या झाल्या. मोतीबिंदू अति पिकून डोळ्यात दाब वाढला होता. भर उन्हाळ्यात ऑपरेशन करावं लागलं. दुखणं थांबलं, नजर आली नाही. व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले, "थंडीत आणलं असतं तर वाचला असता." मुलगी तेव्हा चहा आणायला गेली होती. ती आली आणि म्हणाली, "कापलं अन् डोळा घालवला पाहा, भाऊ." मी चहाचा कप हातात घेतला.

अखेर गुरुजी पोरीच्या घरचं पाणी प्यायला निघाले. बसमध्ये त्यांना बसवताना त्यांनी माझं मनगट धरलं. "ते चिकटलेलं पान मले पाठ होतं गा. दिसत होतं तवा कितीकदा वाचलं म्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुले वाईट वाटलं असतं."

पुढे गुरुजी वारले, तरी दर हंगामात मुलगी संत्री पाठवत राहिली. 'तुमी बाबाचे डोळे होते,' हा निरोप ठरलेला. ती रागावली असती तर मी सुटलो असतो. ती संत्री सोलून मी तशीच ताटलीत ठेवायचो, आणि बायको म्हणायची, "आंबट आहेत का?"

आता मी नागपुरातच मनीषनगरला मुलाकडे असतो. परवा पारशिवनीहून गुरुजींच्या मुलीच्या नातवाचा फोन आला. आजीला मोतीबिंदू आहे, पण ती ऑपरेशनला तयार नाही. तुम्हीच सांगा, म्हणाला. मग ती फोनवर आली.

"भाऊ, बाबाचं पाहिलं ना आपण? मी नाही कापू देत."

ती घाबरली होती. जीभ पुन्हा त्याच वळणावर आली: राहू द्या, घाई काय. मी ती आवरली आणि सगळं सांगितलं. थंडी, वळकटी, व्हरांड्यातला डॉक्टर.

तिकडून म्हशीचं हंबरणं ऐकू आलं.

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"हिंमत झाली नाही."

"बाबा आंधळे बसून राहत ओसरीवर. मी त्या डाक्टरले शिव्या देत होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोराले सांगते, उद्या ने म्हणून," ती म्हणाली. "पन तुमी येऊ नका, भाऊ."

तिची समजूत घालावी असं फार वाटलं. मी "बरं" म्हणालो. फोन तिनेच ठेवला.