जाड गोळी, बारीक गोळी

मुरुडजवळच्या किनाऱ्यावर पहाऱ्याची चौकी होती. तिथं माझी नेमणूक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि प्रत्येक वाद आपण जिंकलाच पाहिजे अशा मताचा होतो. चोरटा माल आणणाऱ्या होड्यांवर नजर ठेवायची, हे काम. त्यामुळे मी कोळीवाड्यात शिरलो की बोलणी थांबायची. बाया सुकत घातलेल्या बोंबलांकडे वळायच्या, पुरुष जाळ्यात मान घालायचे. चौकीवर चार शिपाई होते, पण मला पाहिलं की ते पत्ते लपवायचे. आठ-आठ दिवस ‘साहेब’ या शब्दापलीकडे माझ्याशी कोणी काही बोललेलं नसायचं. मी देशावरचा माणूस. समुद्राचा तर पहिल्याच आठवड्यात कंटाळा आला होता.

बोलायला होते ते फक्त जमादार. साळाव-रोह्याकडच्या भातशेतीच्या गावातले, पन्नाशी उलटलेले, लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले. संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली दोन स्टुलं टाकून आम्ही चहा घ्यायचो आणि भांडायचो. भांडणाचा विषय एकच. चौकीत दोन रिव्हॉल्व्हरं होती. त्यांच्याकडचं जुनं, .४५५ चं, हातात धरलं तर मनगट दुखावं असं जड. माझं .३८ चं, हलकं.

“तुमची बारीक गोळी म्हंजे डास चावल्यावानी, साहेब,” ते म्हणायचे. “जाडी गोळी कुटं बी लागू द्या, मानूस पडलाच. मी बघितलाय. ब्रह्मदेशात एकच मारली, जागच्या जागी बसला.”

मी वजनं सांगायचो, वेग सांगायचो. पुस्तकात वाचलं होतं की दोन्हींच्या माऱ्यात फार फरक नाही. जाड गोळीला धक्का मोठा, म्हणून नेम मात्र हुकतो. ते हसायचे. “पुस्तकावर गोळी कोन झाडतंय?” मी चिडायचो. खरं सांगायचं तर दिवसभर मी त्या चिडण्याचीच वाट पाहत असायचो.

मग वरून पत्र आलं. .४५५ च्या नव्या काडतुसांचा पुरवठा आता होणार नाही. जुनं हत्यार ठेवावं की जमा करावं, चाचणी घेऊन अभिप्राय कळवा. मला तर आयतीच संधी मिळाली. वाळूवर एक फुटकी होडी कुजत पडली होती. तिच्या फळ्या उपटून जमादारांनीच दोघांसाठी दोन रांगांत एकामागे एक रचल्या, मध्ये बोटभर जागा सोडून. शिपाई बघायला उभे राहिले. वीस पावलांवरून आधी त्यांनी झाडल्या, मग मी.

त्यांची जाड गोळी दोन फळ्या फोडून तिसरीत रुतली. माझी बारीक गोळीही दोन फोडून तिसरीत रुतली. अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. मी फळ्या फिरवून फिरवून शिपायांना दाखवल्या. लग्नात आहेर दाखवतात तशा. आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “बघितलंत जमादार? गोळी जाड की बारीक याला अर्थ नाही. झाडणारा कुठं मारतो, त्यालाच अर्थ आहे.”

पोकळ काडतुसं वेचून त्यांनी माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी एकच स्टूल बाहेर आलं. दुसऱ्या दिवशीही. मी हाक मारली तर ते यायचे, उभेच राहायचे. मी मुद्दाम कुरापत काढली, “पण जमादार, जाड गोळीचा धक्का काही वेगळाच, नाही का?” ते म्हणाले, “तुमचं बराबर हाय, साहेब.” असं कोणी आयुष्यात मला म्हटलं नसेल आणि ते ऐकून मला इतकं वाईटही कधी वाटलं नसेल. मला वाटलं, चारचौघांत हरले म्हणून रुसलेत. रिव्हॉल्व्हर जमा झालं. पावसाळा सगळा मी एकट्यानं चहा पिऊन काढला.

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. एसटीच्या थांब्यापर्यंत मी त्यांची ट्रंक धरून गेलो. मनात एक खोटं तयार करून ठेवलं होतं, ते सांगून टाकलं. “जमादार, त्या दिवशी तुमच्या बाजूच्या फळ्या सागाच्या होत्या, माझ्या कुजक्या होत्या. चाचणी चुकलीच.”

“न्हाय, साहेब. फळ्या मीच रचल्या व्हत्या. सारख्याच व्हत्या.”

गाडी दिसायला लागली होती. त्यांनी ट्रंक माझ्या हातातून घेतली.

“त्यो पोरगाच व्हता, साहेब, ब्रह्मदेशातला. हात वर करीत व्हता का बंदूक उचलीत व्हता, त्ये बी मला धड दिसलं न्हाय. बारा वर्सं मी सोताला सांगत आलो, गोळीच तसली, कुटं बी लागली तरी मारनारच. तुमी म्हनला, झाडनारा कुटं मारतो त्यालाच अर्थ हाय.” त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं. “मी हितं नेम धरला व्हता.”

गाडी थांबली, ते चढले, खिडकीतून त्यांनी मला सलाम केला. मी चौकीवर परत आलो. दोन्ही स्टुलं सुरूखाली टाकली आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून राहिलो.