शेळ्यांनी राखलेला पट्टा

गल्लीच्या शेवटच्या घरात शिंपीणबाई राहायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कपाटावर शाळेच्या गणवेशांचे ढीग आणि मागच्या दाराबाहेर शेळ्या. शेळ्या मूळच्या सासूच्या. सासू गेली तेव्हा घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंना वाटेकरी निघाले, शेळ्यांना कुणी निघालं नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा मागचा डोंगर बोडका होता. घरोघरची जनावरं त्यावर चरायची, चुलीचं लाकूडही तिथूनच यायचं. पुढे गॅस आला, पोरं शहरात नोकरीला लागली, जनावरं विकली गेली आणि डोंगरावर चराईबंदी झाली. डोंगर हिरवा झाला. सगळे खूश. पण त्या हिरव्यात झाडं थोडी आणि काटेरी झुडपंच फार. त्यातच उन्हाळे लांबत चालले. पाऊस यायचा तो एकदम धो धो, मग महिनोन्‌महिने टिपूस नाही. पावसात माजलेली झुडपं उन्हात वाळून कडकडीत व्हायची.

शेळ्या मात्र घरांच्या मागच्या पट्ट्यातच चरायच्या. तेवढी जागा उघडी, खुरटी दिसायची आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या डोळ्यांत खुपायची.

"बाई, सगळा डोंगर हिरवागार, आणि आपल्याच मागे टक्कल," ते म्हणायचे.

"टकलाचं तुम्ही बोलावं, मास्तर?" मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची.

पण सूनही कुरकुरायला लागली. शेळीचा वास येतो म्हणून एक गिऱ्हाईक गणवेश परत करून गेलं, तेव्हा बाईने हात टेकले. "पुढच्या महिन्यात विकून टाकू," ती मुलाला म्हणाली. म्हणाली खरी, पण नंतर दिवसभर तिची शिवण सरळ येईना.

त्याच आठवड्यात भर दुपारी डोंगरमाथ्यावर धूर दिसला. वारा घरांच्या दिशेने होता. झुडपं तडतडत पेटत खाली येऊ लागली आणि गल्लीची पाचावर धारण बसली. सुनेने लेकराला काखोटीला मारलं, मुलाने मशीन उचलून रस्त्यावर नेलं. बाई शेळ्यांचे दोर सोडत होती. मास्तर भरलेली बादली घेऊन नुसतेच उभे होते.

आग पट्ट्याच्या कडेला आली आणि अडली. खुडलेल्या गवतात, उघड्या मातीत तिला धरायला काही मिळेना. ज्वाळा गुडघ्याएवढ्या झाल्या, मग घोट्याएवढ्या. मुलाने आणि शेजाऱ्यांनी ओल्या पोत्यांनी झोडपून उरलीसुरली विझवली. बंब पोचला तेव्हा गल्लीतली सगळी घरं जागच्या जागी होती.

बाईचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. का, ते तिलाही सांगता येईना. सून शेजारी टेकली. म्हणाली, "आई, शेळ्या राहू देत. गणवेश मी वरच्या खोलीत नेऊन ठेवते."

दोन दिवसांनी वनखात्याच्या बाई जळलेला भाग पाहायला आल्या.

"म्हणजे डोंगर बोडकाच बरा होता म्हणायचा?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो. तेव्हा सगळीकडे चराई होती, माती वाहून जायची. मग आम्ही सगळीकडेच बंद केली, आणि तोवर उन्हाळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. वर झाडं हवीतच, झुडपं तेवढी विरळ करू. घरांच्या मागे मात्र शेळ्या असू द्या."

शिंपीणबाईला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं तिला मनातून वाटायचं, आपण चोरून डोंगर खातोय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर दारात. "आमच्या मागच्या कोपऱ्यात शेळ्या फिरकतच नाहीत. काय करावं?"

"दोर धरा आणि पुढे चाला. येतील मागून."

पुढच्या पावसानंतर वरच्या जळक्या खुंटांना पालवी फुटली. बाई ती बघायला मुद्दाम चढून गेली. शेळ्या तेवढ्या खाली बांधून.