लेकरांचं खाणं

कोलकात्याच्या बेहाला भागात तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरच्या ताई प्रयोगशाळेत गर्भाच्या मूळ पेशी वाढवायच्या. दुर्गापूजेच्या अष्टमीलाही भोगाची पंगत सोडून निघायच्या. "रोज ताजं खाणं दिलं नाही, तर माझी लेकरं मनानंच काहीतरी व्हायला लागतात!"

एकदा त्यांनीच पेशींना थोपवून धरणारं औषध थांबवलं. पुढे मोबाइलवर दाखवलं, तर इवलासा ठिपका धडधडत होता. "हृदय व्हायला निघाली," ताई हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता ही मागे फिरायची नाहीत."

माझी लेक शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा हावड्याला सगळे विचारत होते, "पुढे काय होणार गं?" ताईंनी नाही विचारलं. डबा हातात दिला, "वेळेवर खा," म्हणाल्या, आणि गाडी हलायच्या आधीच चष्मा पुसायला लागल्या.