रंगाई कारखान्याची काळी माती

बुधवारा मोहल्ल्यापलीकडच्या, कापड रंगवणाऱ्या बंद रंगाई कारखान्याची जमीन साफ करायला सरकारी कर्ज मंजूर झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले. प्रस्ताव मी टाईप केला होता, सगळा हिंदीत; आमच्या भागात सरकारी कागद हिंदीतच चालतात. विषारी माती उपसायची, नवी भरायची, वर दुकानं बांधायची आणि त्यांच्या भाड्यातून कर्ज फेडायचं. 'दूषित मिट्टी' हे शब्द मी इतक्यांदा बडवले की पुढे पुढे बोटं आपोआप चालायची आणि डोकं घरच्या भाजीत असायचं. हे काही मी अभिमानाने सांगत नाही.

उपसणी सुरू झाली. वरचा निळा-जांभळा थर ताडपत्री टाकलेल्या ट्रकांतून कुठेतरी लांब गेला. खाली निघाली काळी, भुसभुशीत माती. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, ये तो अच्छी मिट्टी है, जिसको चाहिए ले जाए." त्याचं ट्रकभाडं वाचत होतं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. उभा जन्म फायलींत घालवलेल्या बाईला सुचलं काय, तर भाऊ.

धाकटा भाऊ चांदनी गावाकडे, आमच्या गावी केळी लावतो. तलाव आटला की त्याचा गाळ शेतात नेऊन टाकायची आमच्याकडे रीतच आहे. काळी माती फुकट मिळत असली की तिचं कूळ कोणी विचारत नाही. चिमटीत चोळायची, हुंगायची आणि ट्रॉली भरायची. मी फोन केला, तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन हजर. माती चोळली, हुंगली आणि म्हणाला, "ताई, दवाईसारखा वास येऊन राहिला हिला."

"मग बरंच की," मी म्हटलं, "कीड नाही लागणार तुझ्या केळीला." दोघंही हसलो. हसलो आम्ही!

पावसाळा सरला. कर्जाचा दुसरा हप्ता मागायचा तर मातीचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. तो माझ्याच टेबलावर आला. काळ्या थराच्या नमुन्यापुढे शिसं, क्रोमियम असं काय काय लिहिलेलं, आणि शेवटी एक ओळ: ही माती शेतात किंवा विहिरीजवळ टाकू नये. मी ती तीनदा वाचली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ चहाला बोलावत होते. मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. भावाने विहिरीभोवतीचा खळगाही त्याच मातीने भरला होता.

साहेबांकडे धावले. भावाच्या शेतातली माती उचलायला या कर्जातून काही करता येईल का, विचारलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. कर्ज फक्त कारखान्याच्या जमिनीपुरतं होतं. "आपके भाई का खेत इसमें नहीं आता," ते हळूच म्हणाले. ती अटही मीच टाईप केलेली होती.

तशीच उठून गाव गाठलं. भाऊ विहिरीपाशीच होता. एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडेल, चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काढून टाकू ना ताई, जेसीबी लावतो," तो म्हणाला. "तू नको रडू." मग तो विहिरीच्या कठड्यावर बसला.

"पण ताई, मी एकट्यानेच नाही आणली," तो म्हणाला. "पूर्ण गल्लीने आणली, शेतात, विहिरीभोवती टाकली. मीच बोललो सगळ्यांना, आपली ताई आहे तिथे, बिनधास्त न्या."

मी तशीच गल्लीकडे वळले.

माहेरी गेले की त्या गल्लीत माझी ओटी भरल्याशिवाय कोणी सोडत नाही. पहिल्याच दारात काकूंनी मला पाहिलं, पाट मांडला आणि तांदूळ आणायला आत वळल्या.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "विहिरीचं पाणी पिऊ नका. ती माती मी पाठवली होती."